स्पीकर लावायचे तर आधी बाज बघा

हेडफोन लावून ऐकताय ना? मग आजचा विषय तुम्हाला जरा लांबचा वाटेल. हेडफोनला खोली नसते, स्पीकरला असते. सगळी भानगड तिथंच आहे.

दिवाळीला माजलगावला घरी गेलो तेव्हा बुकशेल्फ स्पीकरची जोडी घेऊन गेलो. आजीला जात्यावरच्या ओव्या ऐकवायच्या होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही १९९६ मध्ये आमच्या माजलगावातच रेकॉर्ड झाल्यात, बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. आता त्या 'पारी'च्या साइटवर मिळतात. आजीला मोबाइलवर लावून दिल्या, तर म्हणाली, "आवाज येतोय, पण शब्द कळंनात."

म्हणून स्पीकर. एक शोकेसच्या कप्प्यात, दुसरा कोपऱ्यात फ्रीजशेजारी. आवाज वाढवला. आजी म्हणाली, "आता तर अजूनच घुमायलंय."

मी पडलो इंजिनिअर. अर्धा तास इक्वलायझरशी खेळलो आणि काही फरक पडला नाही. मग टेप घेऊन मोजायला लागलो.

बघा, कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळून खालचा, जाड आवाज फुगवतात. शोकेसचा कप्पा डब्यासारखा घुमतो. शब्द ओळखू येतात ते 'स', 'ट', 'च' असल्या बारीक व्यंजनांवरून, आणि ती ह्या घुमण्याखाली दबतात. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं.

दुसरं कारण मला स्वतःला उशिरा सुचलं. ओवी म्हणजे एकाच बाईचा आवाज, दोन्ही स्पीकरमधून सारखाच येणारा. आजी बसते दाराजवळच्या बाजेवर. तिथून एक स्पीकर चार फुटांवर, दुसरा नऊ फुटांवर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद. तोच शब्द साधारण साडेचार मिलिसेकंदांच्या फरकानं दोनदा कानावर पडतो, आणि काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. मी मात्र खोलीच्या मधोमध उभा राहून "मस्त वाजतंय" म्हणत होतो!

मग उलटीकडून सुरुवात केली. बाज जागची हलणार नाही, ते आजीचं राज्य आहे. फक्त भिंतीपासून वीतभर पुढं ओढू दिली तिनं. तिच्या डोक्यापासून दोन्ही स्पीकर बरोब्बर पाच फुटांवर, आणि एकमेकांतही पाच फूट. मागची भिंत दोन फूट सोडली. खाली स्टूल आणि विटा, म्हणजे वरचा छोटा गोल, ट्वीटर, आजीच्या कानाच्या उंचीला आला. तोंडं तिच्याकडं वळवली. खोली शोभेची राहिली नाही. आई अजून बोलते त्यावरून.

मग आरशाची युक्ती. मी आजीच्या जागी बसलो, धाकट्या भावानं बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेला. आरशात स्पीकर दिसला तिथून आवाज आपटून येतो. तिथं गोधडी टांगली, एक फरशीवर टाकली. गोधडीनं जाड आवाज अडत नाही हं, फक्त वरचा चकचकीतपणा कमी होतो. जाड आवाजाचं काम जागा बदलूनच होतं. आमची खोली दहा बाय बारा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकतो, त्याला गोधडी काय करणार?

परत ओव्या लावल्या, आवाज आधीपेक्षा कमी ठेवून. तिसरी संपेपर्यंत आजी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडं ही चाल येगळी हुती. परत लाव बरं. आन् तो पंखा बंद कर आधी."

तर तुमच्या खोलीचं माप आणि ऐकणारं माणूस कुठं बसतं, एवढं व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात घेऊ.