फ्लॉरेन्सचे कापडव्यापारी आणि त्यांचे दान
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



संयोजकांनी मला युरोपच्या प्रवासाविषयी बोलण्याची आज्ञा केली आहे. 2018 च्या जून महिन्यात आम्ही उभयतांनी तेथील काही शहरे पाहिली. त्यांपैकी इटलीतील फ्लॉरेन्स या एकाच नगरीविषयी मी बोलणार आहे, आणि तेही एका कापडव्यापाऱ्याच्या दृष्टीने. भोजनाची चिंता अनेकांना असते, म्हणून एवढेच सांगतो की जूनमध्ये तेथे सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो; रात्रिभोजनत्यागाचे व्रत घरच्यापेक्षाही सुलभतेने पाळता आले. त्या प्रांतातील पाव परंपरेने बिनमिठाचा असतो, हे कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींना आपल्या रसत्यागी मंडळींची आठवण झाली.

आर्नो नदीच्या पलीकडे टेकडीवर सान मिनियातो नावाचे प्राचीन चर्च आहे. त्याच्या दर्शनी भागाच्या माथ्यावर धातूचा गरुड बसविलेला आहे. सारे प्रवासी त्या गरुडाकडे पाहतात. माझी दृष्टी गेली ती त्याच्या पायांखाली. ती चक्क कापडाची गाठ आहे! हे ‘कालिमाला’ या व्यापारी श्रेणीचे चिन्ह. उत्तर युरोपातून लोकरीचे कापड आणावयाचे, त्यावर रंगकाम व सफाई करावयाची आणि देशोदेशी विकावयाचे, हा यांचा व्यवसाय. त्या देवस्थानाची देखभाल या श्रेणीकडे होती. नगरीच्या मुख्य चर्चच्या बांधकामाची जबाबदारी 1331 मध्ये लोकरवाल्यांच्या श्रेणीकडे सोपविण्यात आली. ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात उभारलेला तो जगप्रसिद्ध घुमट त्यांच्याच देखरेखीखाली झाला.

श्रेणी हा शब्द मी मुद्दाम योजला. आपल्या नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीचा उल्लेख आहे. दोन हजार कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने व्याज घेऊन त्यातून भिक्षूंना वस्त्रे द्यावयाची, असा तो व्यवहार. तेव्हा धर्मादायाची ही रीत आपल्याला परकी नाही.

मात्र सारेच गौरवास्पद होते असेही नाही. लोकर पिंजणाऱ्या, धुणाऱ्या मजुरांना स्वतःची श्रेणी स्थापण्याचा अधिकार नव्हता. 1378 मध्ये त्यांनी बंड केले, काही काळ सत्ताही मिळविली; परंतु थोड्याच वर्षांत त्यांचे हक्क पुन्हा काढून घेण्यात आले. घुमटाखाली उभे राहून मान उंचावताना ही गोष्टही ध्यानात ठेवावी, असे माझे मत आहे.

रेशीमवाल्यांच्या श्रेणीने टाकून दिलेल्या बालकांसाठी आश्रयगृह बांधले. काम 1419 मध्ये सुरू झाले आणि 1445 च्या फेब्रुवारीत पहिली बालिका तेथे आली. दर्शनी भागावर निळ्या वर्तुळांत कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या तान्ह्या मुलांच्या मूर्ती आहेत. आत संग्रहालयात अर्धे तोडलेले बिल्ले जपून ठेवले आहेत. अर्धा बिल्ला मुलाजवळ, अर्धा आईजवळ. दिवस पालटले तर ओळख पटावी म्हणून. बहुतेक अर्ध्यांना जोड मिळाली नाही.

परंतु ज्याकरिता मी आपला वेळ घेत आहे, ते स्थान याहून लहान आहे. कवी दांतेच्या नावाने दाखविल्या जाणाऱ्या घराजवळ सान मार्तिनोचे एका खोलीएवढे प्रार्थनागृह आहे. 1442 मध्ये आंतोनिनो नावाच्या मठाधिपतीने बारा सद्गृहस्थांना एकत्र करून एक मंडळ स्थापिले. त्यांनी साहाय्य करावयाचे ते ‘लाजणाऱ्या गरिबांना’: म्हणजे जे एके काळी सुस्थितीत होते, परंतु धंदा बुडाल्याने, आजाराने वा कर्त्या पुरुषाच्या निधनाने खालावले आणि ज्यांना हात पसरणे जड जाते, अशा कुटुंबांना. भिंतीला दान टाकण्यासाठी फट आहे. खोलीतील भित्तिचित्रांत हे गृहस्थ वस्त्रे वाटताना, बाळंतिणीच्या घरी शिधा नेताना, गरीब कन्येच्या विवाहास साहाय्य करताना दिसतात. धन साठवावयाचे नाही, आले की वाटावयाचे, ही त्यांची रीत. तिजोरी रिकामी झाली की दाराशी मेणबत्ती लावीत आणि ती पाहून नगरजन दान आणून देत, असे सांगतात. हे मंडळ आजही कार्यरत आहे.

बंधूंनो, आपला न्यास शिक्षणासाठी व औषधोपचारासाठी साहाय्य देतो, ही अभिमानाची बाब आहे. परंतु धनादेश व्यासपीठावरून दिले जातात, नावे पुकारली जातात आणि छायाचित्रे अहवालात छापली जातात. ज्यांनी याच सभागृहाच्या बांधकामास देणगी दिली, ज्यांचे नाव त्या समोरच्या संगमरवरी फलकावर आहे, अशा काही घरांतील दुकाने गेल्या दहा-पंधरा वर्षांत बंद पडली. त्यांची मुले अर्ज भरीत नाहीत. का भरीत नाहीत, हे आपण सारे जाणतो. आपल्या शास्त्रांत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. अर्जदाराला लोकलज्जेपासून अभय देणे हे त्यातच येत नाही काय?

गुप्तदान म्हणजे देणाऱ्याचे नाव गुप्त, एवढाच अर्थ आपण घेत आलो. घेणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावयाचे तर हिशेबाचे काय, अशी शंका काही विश्वस्तांनी मजजवळ व्यक्त केली. ती रास्त आहे. सार्वजनिक न्यासाचा पैसा विनानोंद जाता कामा नये. माझी सूचना अशी की सुवर्णमहोत्सवी निधीचा दहावा हिस्सा वेगळा ठेवावा. तिघांची समिती नेमावी, त्यांतील एक भगिनी असावी. पावत्या व नावांची वही कुलपात राहावी आणि ती हिशेब तपासनिसांनी पाहावी. अहवालात केवळ एकूण रक्कम व कुटुंबांची संख्या छापावी. अर्जासाठी कार्यालयात येण्याची अट नसावी. समितीतील कोणाही एकाच्या कानावर घातले तरी पुरे व्हावे.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो. माझ्या दुकानातर्फे पहिली रक्कम आजच कोषाध्यक्षांकडे जमा केली आहे. तिची पावती माझ्या नावाने फाडू नये, असे त्यांना सांगितले आहे. जय जिनेंद्र.