बोटीच्या सहलीला कधी जावे?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात, ऑगस्ट 2025 मध्ये केलेले भाषण)



रौप्य महोत्सवानिमित्त आपण सगळ्यांनी मिळून बोटीने सहल काढायची, असे मागच्या मीटिंगमध्ये ठरले. मुंबईहून निघायचे, गोवा करायचे आणि जमले तर लक्षद्वीप. ठराव एकमताने पास झाला. आपल्या सोसायटीत पाण्याच्या टँकरचा ठरावसुद्धा एकमताने पास होत नाही, तेव्हा ही मोठीच गोष्ट म्हणायची. पण कधी जायचे यावर दोन तट पडले. एक दिवाळीच्या सुट्टीचा, दुसरा मे महिन्याचा. दोन्ही तटांचे कारण एकच आणि ते रास्त आहे. नातवंडांना तेव्हाच सुट्टी असते. कमिटीने मला सांगितले, "तुम्ही बँकेत होता, हिशोब मांडून सांगा." म्हणून उभा आहे.

आधी माझीच एक चूक सांगतो, म्हणजे पुढचे बोलायचा अधिकार मला कुठून आला ते कळेल.

1979 साली मी मालवणच्या बाजूला एका शाखेत होतो. मे महिन्यात बदलीची ऑर्डर आली. त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून पणजीपर्यंत आगबोट जायची. मालवणला ती बंदरापासून लांब उभी राहायची आणि आपण पडावातून तिच्यापर्यंत जायचे. पावसाळ्यात ही बोट बंद असे. मेअखेरच्या शेवटच्या फेऱ्यांना चाकरमान्यांची ही गर्दी. चार्ज देता देता मला उशीर झाला आणि शेवटच्या दिवसांतली बोट मिळाली. पडाववाल्याने सामान घेताना सांगितले, "सायबानू, वारो फिरलो हा. यष्टीनच जावा." मी हसलो. आभाळ स्वच्छ होते, बंदरावर धोक्याचा बावटा नव्हता. शिवाय एसटीपेक्षा बोट स्वस्त आणि पथारी टाकून झोपता येते, हा माझा हिशोब.

देवगड सोडले आणि समुद्र हलू लागला. वादळ नव्हते, पाऊस नव्हता. नुसत्या लांब लांब लाटा येत होत्या आणि बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत होती. डेकवर निम्मी माणसे आडवी. आमची थोरली तेव्हा आठ महिन्यांची. ती दूध घेईना, घेतले ते ओकू लागली. पहाटेपर्यंत रडायचीही थांबली. मुंबईला उतरल्यावर धक्क्यावरून थेट डॉक्टरकडे गेलो, सलाईन लावावे लागले. दोन दिवसांनी पोर हसली. पण आमची ही वसईला घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतर 46 वर्षे ती बोटीत बसलेली नाही.

त्या रात्री मला दोन गोष्टी कळल्या. वादळ नसले म्हणजे समुद्र शांत असतो असे नाही, ही पहिली. आणि ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याने एक वाक्य सांगितले तर ते आपल्या दहा हिशोबांपेक्षा जड असते, ही दुसरी.

आता मूळ विषय. आपला अरबी समुद्र वर्षाचे चार भाग पाडतो.

पहिला भाग पावसाळ्याचा, जून ते सप्टेंबर. नैऋत्येचा वारा सतत किनाऱ्यावर येतो आणि लाटा उसळतात. "मान्सून" हा शब्दच अरबी "मौसिम"वरून आला आणि आपला "मोसम"ही त्याचाच भाऊ. आपल्या शेजारच्या सोपाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वी जहाजे लागत, ती याच वाऱ्यांचे वेळापत्रक सांभाळून. आजही सरकारची मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै असते आणि आपल्या पाचूबंदरचे, किल्लाबंदरचे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊनच पुढचे बघतात. या काळात हट्ट केला तर काय होते ते 17 जुलै 1947 ला दिसले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. अमावास्येचा दिवस होता, माणसे सणाला घरी निघाली होती. म्हणजे पावसाळा बाद. यावर आपल्यात वादही नाही.

दुसरा भाग मे आणि जूनच्या सुरुवातीचा. समुद्र तापलेला असतो. पाण्याचे तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर गेले की चक्रीवादळाला खाद्य मिळते. भर पावसाळ्यात वरचे आणि खालचे वारे वेगवेगळ्या वेगाने, वेगवेगळ्या दिशांना वाहतात, म्हणून मोठे वादळ सहसा उभे राहत नाही. पण पावसाळ्याच्या अगदी आधी ही अडवणूक कमी असते. 3 जून 2020 ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आले. लगेच पुढच्या वर्षी 17 मे 2021 ला 'तौक्ते' आपल्या समोरून गुजरातकडे गेले. ते आपल्या किनाऱ्याला लागलेसुद्धा नाही, नुसते जवळून गेले, तरी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटर नोंदला गेला. त्या दिवशी आपल्या खिडक्यांचे काय झाले आणि वाडीतल्या केळी कशा आडव्या झाल्या ते सर्वांना आठवत असेल. त्याच वादळात मुंबईच्या समुद्रात 'पी-305' हा तराफा बुडाला आणि त्यावरचे सत्तराहून अधिक कामगार गेले. मे महिन्याच्या तटाने याचा विचार करावा.

तिसरा भाग ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. इथेच आपण फसतो. पाऊस गेला, आकाश निळे, दिवाळीचा फराळ डब्यात, मग आणखी काय हवे? पण ऑक्टोबर हीटमध्ये आपल्याबरोबर समुद्रही तापतो आणि वादळांचा दुसरा मोसम सुरू होतो. 1888 च्या नोव्हेंबरमध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि शेकडो माणसांसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. नाव होते आपल्या वैतरणा नदीचे. 11 नोव्हेंबर 2009 ला 'फयान' आले, त्यात कोकणातले मच्छिमार गेले. 2017 मध्ये 'ओखी' 2 डिसेंबरच्या सुमारास मिनिकॉयवरून गेले आणि 5 डिसेंबरला त्याच्या पावसाने मुंबईतल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आणि 2019 ची दिवाळी आठवा. लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होते. त्याच दिवशी 'क्यार' हे वादळ अरबी समुद्रात महाचक्रीवादळ झाले होते. सुदैवाने ते किनाऱ्यापासून दूर पश्चिमेकडे वळले.

दरवर्षी असे होते का? नाही. दहा दिवाळ्यांत सात-आठ सुखाची जातील. पण बँकेत आम्ही कर्ज देताना, बुडाले तर काय, हे आधी बघायचो. आपल्यातल्या निम्म्या मंडळींना बीपी आहे, तिघांच्या छातीत स्टेंट आहेत, दोघांचे गुडघे नवे आहेत. तिशीतल्या माणसाला लाटांची मजा वाटेल. आपण बाथरूममध्ये तोल जाऊन पडलो तर सहल तिथेच संपली.

आता चौथा भाग, डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. समुद्राचे पाणी त्यातल्या त्यात थंड, वारे उत्तरेकडचे आणि कोरडे. या महिन्यांत अरबी समुद्रात चक्रीवादळ म्हणजे फार दुर्मीळ गोष्ट. मधूनच उत्तरेचा वारा जोर करतो, दोन दिवस समुद्र खवळतो, पहाटे धुके असते. पण ते तेवढ्यापुरतेच. त्यातही जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी मला सर्वांत बरे वाटतात, कारण नाताळ आणि एकतीस डिसेंबरची गर्दी आणि भाव दोन्ही उतरलेले असतात.

बी विंगमधल्या एका काकूंनी विचारले आहे, की अमेरिकेतली मुलगी सप्टेंबरात कॅरिबियन समुद्राच्या बोटीवर बोलावते आहे, तिकीट निम्म्या भावात आहे, जावे का? तिथला चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर आणि त्याचा भर सप्टेंबरच्या मध्याला. म्हणून भाव उतरलेला. जास्त व्याज देणारी पतपेढी दिसली की आपण विचारायचो ना, "एवढे व्याज का देते बाबा?" तसेच इथे. काकू, लेकीला फेब्रुवारी-मार्च सुचवा. अंदमानला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की बंगालच्या उपसागरात आपल्यापेक्षा जास्त वादळे होतात, ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे विशेष जपावे. सिंगापूरची गोष्ट वेगळी. विषुववृत्ताच्या अगदी जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्याला वळवणारा जोर फार कमी पडतो, म्हणून तिथे चक्रीवादळ जवळजवळ होत नाही. जवळजवळ म्हणायचे कारण, डिसेंबर 2001 मध्ये 'वामेई' नावाचे एक झालेच. निसर्ग शंभर टक्के गॅरंटी देत नाही.

तारीख ठरल्यावरही काही कामे उरतात. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत वादळाची शक्यता किती याचा अंदाज प्रसिद्ध करतो. निघण्याआधीचे दोन गुरुवार तो बघायचा. ते काम मी घेतो. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटर झाला की चक्रीवादळाला नाव मिळते आणि नाव मिळाल्यावर काढलेला विमा बहुधा त्या वादळासाठी उपयोगाचा नसतो. म्हणून विमा तिकिटाबरोबरच काढायचा. कराराचा कागद पूर्ण वाचायचा. हवामानामुळे बंदर बदलले तर पैसे परत मिळत नाहीत, असे बहुतेक कागदांत लिहिलेले असते. त्यात गैर काही नाही, कप्तानाने तोच निर्णय घ्यायला हवा. फक्त आपण आधी वाचलेले असावे, म्हणजे तिथे भांडण नको. खोली बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागायची, तिथे हलणे कमी. उलटीची गोळी शेजाऱ्याला विचारून न घेता आपल्या डॉक्टरला विचारून घ्यायची, आपली बाकीची औषधे चालू असतात. लक्षद्वीपला उतरायचे तर परवाना लागतो, त्याची कागदपत्रे दोन महिने आधी तयार ठेवू.

राहिला नातवंडांचा प्रश्न. माझ्या हिशोबात हीच एक नावेबाजू होती आणि तीच मोठी होती. नातवंडांशिवाय जायचे तर कशाला जायचे, असे दिवाळीवाले म्हणतात, ते मला पटते. म्हणून कॅलेंडर घेऊन बसलो. 2026 मध्ये 26 जानेवारीला सोमवार आहे. शनिवार, रविवार, सोमवार मिळून तीन दिवस होतात. शुक्रवारची एक रजा आईबापांनी टाकली तर गोवा आरामात होतो. लक्षद्वीप या वेळी राहू द्या, ते आपण मोठी माणसे फेब्रुवारीत कधीतरी बघू. दोन्हीचा मोह धरला तर एकही नीट होणार नाही.

हे सगळे मी घरी बोलून पाहिले. आमची ही ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी येईन. पण तारीख तुम्ही ठरवली असेल तर नाही. समुद्राला विचारून ठरवली असेल तर येते." मी काल संध्याकाळी पाचूबंदरला जाऊन आलो. जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांना जानेवारीअखेरचे विचारले. त्यांनी मान वर न करता सांगितले, "तवा बरा असतो." घरी येऊन हिला तसेच सांगितले. तिने काही न बोलता कपाटातून जुनी हँडबॅग काढून उन्हात ठेवली.

तेव्हा माझी सूचना आहे, की सहल 24 ते 26 जानेवारीच्या सुमारास ठेवावी. अनुमोदन द्यायला मागून एखादी नात उभी राहिली तरी चालेल.