पन्नास रुपयांचा दंड

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



गणपतीपुढे कोर्टकचेरी कशाला, असे आमच्या सौभाग्यवतींनी निघतानाच विचारले. पण दिल्लीत सव्वीस वर्षे सरकारी वकिली केल्यावर माझ्यापाशी सांगण्यासारखे दुसरे काय असणार!

२००३ साली एक बावीस वर्षांचा मुलगा माझ्या समोर आला. नळ, तांब्याच्या तारा चोरायचा आणि त्या पैशांत स्मॅक घ्यायचा. आपल्याकडे गर्द म्हणतात तीच. आधी एकदा शिक्षा भोगून आलेला. तरीही कोर्टाने त्याला १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली बंधपत्रावर सोडले. नशा करायची नाही आणि ठरल्या दिवशी प्रोबेशन अधिकाऱ्याकडे हजेरी लावायची, अशा अटी होत्या. सहा आठवडे तो गेला, मग दोनदा चुकला. तिसऱ्या वेळी आपण होऊन आला आणि पुन्हा घेतल्याचे कबूल केले.

या कायद्याचे कलम ९ पाहण्यासारखे आहे. अट मोडली तर न्यायाधीश मूळ गुन्ह्याची शिक्षा तत्काळ देऊ शकतात. पण चूक पहिलीच असेल तर बंधपत्र चालू ठेवून फार तर पन्नास रुपये दंड करता येतो. मी उभा राहून म्हणालो, "पन्नास रुपये ही थट्टा आहे." कोर्टाला पटले. सहा महिने सक्तमजुरी झाली.

पुढचे मला एका डॉक्टर मित्राने समजावले. काही महिने अफूच्या जातीची नशा बंद राहिली की ती सोसण्याची शरीराची ताकद जाते. तलफ मात्र जात नाही. सुटलेला माणूस जुन्याच मात्रेने घेतो आणि श्वास मंदावत थांबतो. म्हणून सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. हा मुलगा नवव्या दिवशी गेला. त्याची आई कोर्टात आली, ती तक्रार करायला नव्हे. जप्त केलेली सायकल त्याची स्वतःची होती, ती परत मिळेल का, एवढेच तिने विचारले.

मी काही मवाळ झालेलो नाही. अट मोडून पसार होणाऱ्याला आजही तुरुंगच मागेन. पण घसरल्यावर स्वतः सांगायला येणारा आणि पळणारा यांना मी एकाच मापाने मोजले. खरे बोलणाऱ्याला सहा महिने दिले, की पुढचा कोण कशाला बोलेल?

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याला ही समज आहे. सेवन किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात कलम ३९ नुसार व्यसनी आरोपीला, त्याच्या संमतीने, उपचारासाठी सोडता येते. अहवालाला एक वर्षापर्यंत मुदत असते. चोरीच्या खटल्याला ते कलम लागत नाही. उलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दुसऱ्या चोरीला किमान एक वर्षाची सक्तमजुरी आहे.

पालकांसाठी एक सांगतो. त्याच १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वखुशीने सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला त्या आरोपाच्या खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेता येते.

कोणाला काही विचारायचे असेल, तर आरतीनंतर मी मागच्या खुर्च्यांवर बसलेला असेन. चारचौघांत विचारायची गरज नाही.