मुलांच्या हाताला काम द्या
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. सर समोर बसलेत, त्यामुळे वेळ पाळणं भागच आहे!

मी बालरोगतज्ज्ञ. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता शाळेत आहेत, म्हणून बोलायला हाच विषय घेतला. दवाखान्यात पालक हमखास टॉनिक मागतात. मी आधी तीन गोष्टी विचारते. ताटात काय असतं? झोप किती होते? आणि घरात मूल काय काम करतं?

आधी ताट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या दर १०० मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय होता. सकाळी चहा-बिस्किटावर भागवायची सवय आधी मोडा. जेवणाच्या वेळी चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. उलट वरणावर, उसळीवर लिंबू पिळलं तर ते चांगलं शोषलं जातं. पालेभाजी, मटकी, हळिवाचा लाडू हे आपल्या घरातलंच आहे. आणि दिवसातून एक जेवण तरी सगळ्यांनी एकत्र घ्या, मोबाइल लांब ठेवून. मुलाच्या मनातलं अशा वेळीच बाहेर येतं.

दुसरी झोप. सहावीतली एक मुलगी रोज डोकं दुखतं म्हणून आली. तपासण्या सगळ्या व्यवस्थित. ती रात्री साडेअकराला झोपायची आणि पहाटे साडेपाचला क्लाससाठी उठायची. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, पुढे अठरापर्यंत ८ ते १०. मी पहाटेचा क्लास सोडायला सांगितला. तिच्या आईने विचारलं, "डॉक्टर, मागे पडली तर?" मी म्हटलं, "ताई, मागे पडण्याची भीती आपली आहे, पण डोकं तिचं दुखतंय." क्लास सुटला, मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत राहू लागला, आणि महिनाभरात दुखणं थांबलं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे काम. आपल्या वेळी वर्ग झाडायची पाळी असायची, माठ भरायची पाळी असायची. डॉक्टरचा मुलगा असो की शेतमजुराचा, पाळी कुणाला चुकली नाही. कुणी तापाने घरी असला की शेजारचा मुलगा त्याची वही घेऊन घरी जायचा. दुसऱ्याची काळजी घ्यायची म्हणजे काय, हे आपण असंच शिकलो. आज आपण प्रेमापोटी मुलांच्या हातातलं सगळं काम काढून घेतलं आहे, आणि मग म्हणतो, "यांना कुणाची पर्वाच नाही."

तीन वर्षांचं मूल खेळणी आवरू शकतं. पाच-सहाचं पानं घेऊ शकतं. आठ-नऊचं स्वतःचा डबा घासू शकतं. बारा वर्षांचं मूल आजीच्या गोळ्यांची वेळ सांभाळू शकतं. मुलगा आणि मुलगी, दोघांनाही सारखंच. कामाचे पैसे देऊ नका. "तुझ्यामुळे माझं ओझं कमी झालं" एवढं म्हणा. सुरुवातीला पाणी सांडेल, काच फुटेल. ओरडू नका, फडकं हातात द्या. आणि घरी येणाऱ्या कामवाल्या मावशींशी आपण कसं बोलतो, हेही जपा. मुलं आपलं बोलणं विसरतात, वागणं उचलतात.

मार्क कमी पडले तर पुढच्या परीक्षेत भरून काढता येतात. पण घरात आपली कुणाला तरी गरज आहे, ही जाणीव लहानपणीच रुजावी लागते. सर, बाई, तुम्ही पाळ्या लावून ती आमच्यात रुजवलीत. आता आमची पाळी आहे.