जुना ट्रॅक्टर : दराआधी हिशेब, विसाराआधी कागद
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सांगोल्याच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला आपला माणूस दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, जमलं तर जुंपून पाहतो. मग उपरण्याखाली हात घालून दर बोलतो. तोच माणूस तीन लाखांचा जुना ट्रॅक्टर घ्यायला जातो तेव्हा रंग पाहतो, टायर पाहतो आणि विसार देऊन येतो. बैल फसला तर एक हंगाम जातो. ट्रॅक्टर फसला तर कर्ज डोक्यावर बसतं, आणि हप्ता काही पाऊसपाणी बघून येत नाही.

पहिला मुद्दा हिशेबाचा. समजा, ट्रॅक्टर तीन लाखांना घेतला. व्याज बारा टक्क्यांनी धरलं तर वर्षाला 36 हजार. दुरुस्ती, टायर, बॅटरी, विमा मिळून 30 हजार धरा. किंमत उतरते तिचे आणखी 30 हजार. झाले 96 हजार. तुमच्या शेतात तो वर्षाला 150 तास चालणार असेल तर तासाला 640 रुपये पडले, आणि यात डिझेल नाही, चालवणाऱ्याची मजुरी नाही. आता गावातल्या भाड्याच्या दराशी ताडून पाहा. 150 ऐवजी 500 तासांचं काम हाताशी असेल, तर दुरुस्ती वाढेल, पण तासाचा खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो. म्हणून आम्ही सांगतो, आधी तास मोजा, मग ट्रॅक्टर बघा. तास कमी असतील तर दोघा-तिघांनी मिळून घ्या, नाहीतर भाड्याचाच बरा. दारात ट्रॅक्टर उभा असला म्हणजे सोयरीक जमते म्हणतात. पण हप्ता सोयरे भरत नाहीत.

दुसरा मुद्दा तपासणीचा. मालकाला आधी सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गार इंजिनच खरं बोलतं. सुरू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर ते ऑइल जाळतंय. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. इंजिन गरम झाल्यावर ब्रीदरमधून धूर जोरात फेकत असेल तर रिंगा-लायनरचा खर्च जवळ आला. मग रोटाव्हेटर किंवा नांगर लिफ्टवर उचला, इंजिन बंद करा आणि थांबा. अवजार लगेच खाली बसायला लागलं तर हायड्रॉलिकचं काम निघणार. शेवटी रानात नांगर लावून चालवा. रस्त्यावर सगळेच ट्रॅक्टर पळतात. ओढीला गिअर सुटतो का, क्लच घसरतो का, हे रानातच कळतं. तासांच्या काट्यावर विसंबू नका, काटा बदलता येतो. झिजलेलं पेडल आणि पुढच्या एक्सलचा ढिलेपणा बदलायचा मात्र राहून जातो.

धानपट्ट्यातली आणि उसाच्या भागातली पोरं आम्हाला हायड्रोस्टॅटिकबद्दल विचारतात. तिकडे जुने हार्वेस्टर विकायला येतात, त्यांतल्या अनेकांत ही व्यवस्था असते. इंजिन पंप फिरवतं, पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबावर मोटर फिरून चाकं चालतात. वेग कमी-जास्त करायला दर वेळी क्लच दाबावा लागत नाही. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 1967 साली 656 ट्रॅक्टरमध्ये ही सोय दिली होती. पुढे-मागे सतत करावं लागतं त्या कामाला ती चांगली. पण काही ताकद तेल तापण्यात जाते, म्हणून जड नांगरटीला गिअरचाच ट्रॅक्टर परवडतो. असं जुनं यंत्र गार असताना पाहून घेऊ नका. तासभर कामाला लावा. तेल तापून पातळ झालं की झिजलेला पंप उघडा पडतो. इंजिन जोरात ओरडतं आणि यंत्र चढाला, चिखलात जागेवरच थकतं. फिल्टरमध्ये धातूची चमक दिसली तर परत फिरा. हा पंप गावच्या फिटरच्या हातचा नाही. आणि बंद पडलं तर पुस्तकात दिलेली रीत पाहिल्याशिवाय ओढून नेऊ नका, आहे तेही मोडेल.

तिसरा मुद्दा कागदाचा. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं, कागद बिघडला तर यंत्रच जातं. चासी आणि इंजिनचा नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडा. फायनान्सचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याची ना-हरकत आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाहीतर हप्ते थकवणार दुसरा आणि ट्रॅक्टर ओढून नेणार तुमच्या दारातून. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, परराज्यातला असेल तर फॉर्म 28 ची ना-हरकत. ट्रॉलीचे कागद वेगळे मागा. नोंदणीला 15 वर्षं झाली असतील तर नूतनीकरण झालंय का ते पाहा.

विकणाऱ्या भावांनीही ऐकावं. स्टँपपेपरवर नोटरी केली म्हणजे सुटलो, असं नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकलं तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की वाहन विकलं तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात, आणि नोटीस तुमच्या उंबऱ्यावर!

तेव्हा या बैठकीतून एक काम घेऊन जा. प्रत्येक तालुक्यात तीन माणसं नेमा : एक जाणता फिटर, एक आरटीओचे कागद कळणारा, एक हिशेब मांडणारा. आपल्यातला कोणीही जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला की या तिघांना बरोबर घेऊनच जाईल आणि तिघांनी होकार दिल्याशिवाय विसार देणार नाही. व्यापाऱ्यासमोर एकटा शेतकरी नेहमीच घाईत असतो. चौघे गेले की घाई व्यापाऱ्याला होते.