संशोधनाचा पैसा आणि कामगाराचा हात



विज्ञानावर बोलण्यासाठी कामगार संघटनेच्या माणसाला कशाला बोलावले, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर आम्ही चंद्रापासूनच देतो.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले. ते वर नेणाऱ्या एलव्हीएम-३ जातीच्या रॉकेटाला दोन बाजूंना दोन बूस्टर असतात आणि प्रत्येकात सुमारे दोनशे टन घन इंधन भरलेले असते. या बूस्टरांच्या पोलादी कवचांचे भाग आपल्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडतात. रॉकेटाच्या मधल्या टप्प्याची विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडतात. गणित शास्त्रज्ञाने मांडले हे खरेच. पण सांधा जोडणाऱ्या वेल्डरचा हात चुकला, तर ते गणित कागदावरच राहील. विज्ञान आणि रोजगार हे दोन विषय नव्हेत, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आता सरकारी योजनांकडे वळू. १ जुलै २०२५ या एकाच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन निर्णय घेतले. पहिला, खाजगी उद्योगांनी संशोधन करावे म्हणून १ लाख कोटी रुपयांचा निधी. त्यातून अल्प व्याजाने किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीची कर्जे द्यावयाची. दुसरा, रोजगारवाढीसाठी ९९,४४६ कोटी रुपयांची योजना. रकमा जवळजवळ सारख्या. २०२०-२१ साली आपला देश संशोधनावर एकूण उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के खर्च करीत होता. तेव्हा संशोधनासाठी थैली सुटली, याचा आम्हाला आनंदच आहे.

पण हिशेब मांडून पाहू या. रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांसाठी आहे. प्रथमच नोकरीला लागणाऱ्यास एका महिन्याच्या पगाराइतकी, पण जास्तीत जास्त १५,००० रुपये, रक्कम दोन हप्त्यांत मिळते. मालकाला प्रत्येक जादा कामगारामागे दरमहा ३,००० रुपयांपर्यंत, दोन वर्षे. वस्तुनिर्माणाच्या कारखान्यांना चार वर्षे. म्हणजे कामगाराला १५,०००, तर कारखानदाराला १,४४,००० पर्यंत! मालकाला मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. एवढ्या पैशाच्या बदल्यात चार वर्षांनंतर ती नोकरी टिकणार काय, एवढेच आम्ही विचारतो.

आणखी एक गोम आहे. हा सारा लाभ प्रॉव्हिडंट फंडाच्या नोंदीवर मोजला जातो. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. त्याचा फंड कापला जात नाही, आणि म्हणून तो या योजनेबाहेर राहतो. ज्या फाटकाआड उमेदवाराच्या हातून पक्क्या कामगाराचेच काम करून घेतले जाते, तेथील पोराच्या पदरी काय पडणार? तेव्हा ज्यांची मुले-मुली पहिल्या नोकरीला लागली असतील, त्यांनी घरी गेल्यावर एवढेच विचारावे: नेमणूकपत्र हाती आहे काय? फंडाचा नंबर मिळाला काय?

आमची मागणी मोठी नाही. हे दोन निधी एकमेकांना ओळखू द्या. ज्या उद्योगाला संशोधनासाठी सरकारी कर्ज हवे, त्याने त्या संशोधनातून किती कायम जागा निघतील आणि जुन्या कामगारांना नवे तंत्र शिकविण्याची काय व्यवस्था आहे, हे अर्जातच लिहून द्यावे. नवे यंत्र आले की जुना हात बाहेर, ही रीत आम्ही फार पाहिली आहे. यंत्राला आमचा विरोध नाही. ते चालविण्याची विद्या आम्हाला न देण्याला विरोध आहे.

पैसा जनतेचा आहे. त्याचा हिशेब मागणे हे जनतेचे काम आहे आणि ते आपण केले पाहिजे.