फितीखालचें पोवळें

नवरत्नांतील पोवळें सर्वांच्या परिचयाचें आहे. उष्ण कटिबंधांतील समुद्रांत ज्यांनीं चुन्याचे प्रचंड खडक उभारले, ते प्रवाळ मात्र त्याचे निराळे भाऊबंद होत. त्यांच्या सुमारें ८०० जाती आहेत. पण वांटणी मोठी विषम. इंडोनेशिया, फिलिपाइन्स व न्यू गिनी यांमधील समुद्रांत सुमारें ६०० जाती नांदतात. तेथून पूर्वेस ताहितीकडे जावें, तों त्या विरळ होत जातात. कॅरिबियन समुद्रांत तर साठांच्या आसपासच.

एवढ्या मोठ्या फरकाचा पत्ता दहा हात जागेंत लागावा काय? पुष्कळांस वाटे, लागूं नये. पंक्तीला पाट मोजकेच मांडले, म्हणजे गांवांत माणसें शंभर असोत कीं हजार, जेवणारे तेवढेच! खडकावरही जागा थोडी. बलवान जात दुबळीला रेटणारच. तर्क ऐकावयास गोड खरा. परंतु जोसेफ कॉनेल यांनीं १९७८ सालींच प्रतिपादिलें होतें कीं, वादळें पंक्ति पुनःपुन्हां उठवितात. तीं फार वारंवार वा फार क्वचित न येतां बेताचीं आलीं, तर वैचित्र्य अधिक टिकतें.

कार्लसन, कॉर्नेल व ह्यूज या तिघांनीं इंडोनेशियापासून सोसायटी बेटांपर्यंत, सुमारें १०,००० किलोमीटरच्या पट्ट्यांत, पांच प्रदेश निवडले. खडकाचा सपाट माथा, लाटांची कड व खोल उतार अशा तिन्ही ठिकाणीं १० मीटरची फीत पसरून तिच्याखालीं येणारीं पोवळीं मोजलीं. २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: प्रदेश जितका संपन्न, तितकी फीतही संपन्न. पाट भरलेलेच नव्हते!

याचें कारण असें कीं, पोवळें जागीं खिळलेलें असलें तरी त्याची संतति तशी नसते. पुष्कळ जातींचे चिमुकले डिंभ दिवसचे दिवस प्रवाहांत वाहतात व दूरच्या खडकावर रुजतात. तेव्हां एकच खडक राखून भागत नाहीं; त्याची भरती दुसरीकडून यावयाची असते.

ऑस्ट्रेलियाच्या २,३०० किलोमीटर लांब ग्रेट बॅरिअर रीफवर हें दिसून आलें. २०१६ व २०१७ सालीं पाणी अतिशय तापून तेथील असंख्य प्रवाळ मेले. २०१८ सालीं नव्या पिलांची आवक पूर्वीच्या मानानें ८९ टक्क्यांनीं घटली; आणि जीं थोडीं आलीं, त्यांत दूर वाहत जाणाऱ्यांपेक्षां आईच्या जवळपास रुजणाऱ्या जातींचींच अधिक होतीं.